‘फार सावकाश चालतें बुवा !’

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या शिक्षकवर्गापैकीं चौघांनीं एकत्र बसून एक अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका पाहिली. तिचें नांव ‘द नाइट ऑफ’. एचबीओ वाहिनीवर २०१६ सालीं ती आठ भागांत दाखविली गेली; तिचें मूळ बीबीसीनें २००८ सालीं दाखविलेली ‘क्रिमिनल जस्टिस’ ही मालिका होय. त्याच मुळावरून २०१९ सालीं हिंदींतही एक मालिका निघाली, व ती आमच्या पुष्कळ पालकांनीं पाहिली असेल. अमेरिकन मालिका प्रौढांकरितां आहे. विद्यार्थ्यांनीं ती पाहावी असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. आम्हांस लिहावयाचें आहे तें मालिकेविषयीं थोडें आणि ती पाहणारांविषयीं अधिक.

दुसरा भाग संपतो न संपतो तोंच आमचे गणिताचे शिक्षक उठून उभे राहिले व म्हणाले, “फार सावकाश चालतें बुवा ! एवढ्या वेळांत आमच्याकडे दोन लग्नें आणि एक श्राद्ध उरकलें असतें.” (वास्तविक आमच्याकडील मालिकांत एक मंगळागौर पंधरा दिवस चालते व तिच्याविरुद्ध कोणी ब्र काढीत नाहीं, परंतु तें असो.) हाच आक्षेप आम्हीं नंतर इतर अनेकांच्या तोंडून ऐकला. गुन्ह्याची गोष्ट म्हटली कीं प्रेक्षकास खुनी हवा असतो, आणि तोही निजण्याच्या वेळेपूर्वीं.

कथा थोडक्यांत अशी. नासिर खान हा न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागांत राहणाऱ्या पाकिस्तानी कुटुंबांतील कॉलेजचा विद्यार्थी. बाप टॅक्सी चालवितो, आणि तीही एकट्याच्या मालकीची नव्हे, तिघा भागीदारांची. एके रात्रीं मुलगा बापास न विचारतां ती टॅक्सी घेऊन मेजवानीस निघतो. वाटेंत एक अनोळखी तरुणी आंत येऊन बसते. रात्र सरण्यापूर्वीं त्या तरुणीचा तिच्याच घरीं खून होतो, व मुलगा पोलिसांच्या हातीं सांपडतो. आपण खून केला कीं नाहीं हें त्यास स्वतःसही छातीवर हात ठेवून सांगतां येत नाहीं.

पोलिसांनीं त्यास प्रथम धरलें तें गाडी चालविण्यांतील एका किरकोळ चुकीकरितां. मग खुनाची वर्दी येते, व ते त्यास गाडींत बसवूनच त्या घरीं जातात. ज्या दारांतून आपण पळालों तेंच दार मुलगा मागच्या बाकावरून पाहत बसतो. पुढें चौकींत कोणी कागद भरीत आहे, कोणी गप्पा मारीत आहे. या मुलाकडे कोणाचें लक्षच नाहीं, आणि त्याच्या कोटांत सुरा आहे. येथें घाईनें चालणाऱ्या दिग्दर्शकानें दोन मिनिटांत काम उरकलें असतें. मग आम्हां प्रेक्षकांस त्या मुलाच्या बाकावर बसण्याची वेळच आली नसती.

दुसरा आक्षेप आमच्या एका भगिनी-शिक्षिकेनें घेतला. या मुलाचा वकील जॉन स्टोन याच्या पायांस इसब झालेला आहे, व तो पावलें औषधानें माखून, उघडीं टाकून, वहाणा घालून कोर्टांत येतो. ‘तें ओंगळ दृश्य किती वेळां दाखवावें !’ अमेरिकेंतही कित्येक प्रेक्षकांनीं याच गोष्टीवर नाक मुरडलें होतें. आम्ही म्हणतों, नाक मुरडण्याकरितांच तें दाखविलें आहे. किरकोळ गुन्हेगारांचीं कामें घेऊन पोट भरणाऱ्या त्या वकिलाजवळ बसण्यास लोक कचरतात, आणि त्याच्या अशिलाजवळ बसण्यासही. ज्यास पाहतांच आपण मान फिरवितों त्याचें म्हणणें आपण नीट ऐकूं शकतों काय, हा प्रश्न त्या पायांनीं घातलेला आहे. शेवटच्या भागांत रोग अंगभर उसळलेला असतां तोच मनुष्य ज्यूरीपुढें अखेरचें भाषण करितो, तेव्हां त्या बाईंनीं मान फिरविली नाहीं, हें आम्हीं मुद्दाम पाहून ठेविलें.

ज्यूरीचे सहा एका बाजूस आणि सहा दुसऱ्या बाजूस पडतात, व सरकारी वकील खटला पुन्हा चालवीत नाहीं. (आपल्याकडील मुलांस ज्यूरी ठाऊक नसेल. १९५९ सालीं मुंबईच्या नानावटी खटल्यांत ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें आरोपीस निर्दोष ठरविलें व उच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. त्यानंतर ती पद्धत आपल्या देशांतून हळूहळू उठली.) मुलगा घरीं येतो खरा, पण येतो तो कोण ? रायकर्स बेटावरील तुरुंगांत त्याचें डोकें भादरलें गेलें, हातावर गोंदणें आलीं, व्यसन लागलें. बापाची टॅक्सी पोलिसांकडे अडकून तीन घरांची चूल मंदावली. आईनें साफसफाईचीं कामें केलीं. निकाल लागण्यापूर्वींच शिक्षा भोगून झाली होती.

हें नाटककाराच्या कल्पनेंतलें असें कोणी म्हणेल. त्याच रायकर्स बेटावर कलीफ ब्राउडर नांवाचा खराखुरा मुलगा होता. २०१० सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, पाठीवरची एक पिशवी चोरल्याच्या आरोपावरून त्यास पकडलें. जामिनाची रक्कम घरच्यांस भरतां आली नाहीं. तीन वर्षें तो खटल्याची वाट पाहत राहिला, त्यांपैकीं सुमारें दोन वर्षें एकांत कोठडींत. खटला कधीं उभाच राहिला नाहीं, आणि २०१३ सालीं त्यास आरोप सोडून देऊन घरीं पाठविलें. दोन वर्षांनीं त्यानें आपल्या जीवाचा अंत करून घेतला. आठ भाग लांब वाटणाऱ्यांनीं ही तीन वर्षें मोजून पाहावीं.

आणि आपल्या घरचें काय ? २०२२ अखेरच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें भारताच्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकीं ४,३४,३०२ जणांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा होता. म्हणजे दर चार बंद्यांत तीन. बिहारमधील अशाच लोकांकरितां चाललेल्या हुसैनारा खातून खटल्यांत १९७९ सालींच सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें होतें कीं, त्वरित न्यायचौकशी हा घटनेच्या एकविसाव्या कलमानें मिळालेला हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या फौजदारी संहितेंत, फांशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे सोडून, प्रथमच आरोपी झालेल्या मनुष्यानें कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा काळ तुरुंगांत काढला असतां त्यास सोडण्याची तरतूद आहे. कायदा चांगला आहे. परंतु तो ज्याच्याकरितां केला त्यास तो वाचून दाखविणारा कोणी तरी पाहिजे.

आमच्या मराठी प्रेक्षकांची परीक्षा याआधींही एकदां झाली होती. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट २०१५ सालीं लागला. गटारांत उतरून मेलेल्या कामगारास आपल्या गाण्यानें आत्महत्येस प्रवृत्त केलें, असा आरोप एका लोकशाहिरावर ठेविलेला असतो. त्या कामगाराची विधवा साक्षींत शांतपणें सांगते कीं, आंत उतरण्यापूर्वीं नवरा झुरळें बाहेर येण्याची वाट पाही. झुरळें जिवंत असलीं म्हणजे आंत हवा आहे असें समजे. याहून भयंकर वाक्य आम्हीं कोणत्याही वेगवान चित्रपटांत ऐकलें नाहीं. आमच्या मागील रांगेंतील दोन गृहस्थ मध्यंतरास गेले ते परत आलेच नाहींत. पुढें कोर्टास सुटी लागते, खोलींतील दिवे मालविले जातात, पडदा काळा होतो. ‘संपला !’ म्हणून लोक चपला शोधूं लागले. तों न्यायाधीशांच्या सहलीचें दृश्य सुरू झालें, व अर्धें चित्रपटगृह उभ्या-उभ्यानेंच तें पाहूं लागलें.

हें सर्व लिहितांना इतरांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाहीं. काहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका वसतिगृहाचे अधीक्षक होतों. एका सधन मुलाचें मनगटी घड्याळ नाहींसें झालें. वीटभट्टीवर काम करणाऱ्या आईबापांचा एक मुलगा त्याच्या पेटीजवळ दिसला होता, एवढाच पुरावा. तो कांहीं बोलेना, आणि न बोलणें हीच कबुली असें आम्हीं धरिलें. चौकशीस पांच मिनिटें लागलीं. प्रार्थनेची घंटा व्हावयाची होती. दुसऱ्या दिवशीं बाप येऊन त्यास घेऊन गेला. तीन आठवड्यांनीं घड्याळ मालकाच्याच वळकटीच्या अस्तरांत सांपडलें. पत्र लिहावयाचें आम्हीं ठरविलें, आणि मग परीक्षा आल्या.

आठवा भाग संपल्यावर आमचे गणिताचे शिक्षक बराच वेळ गप्प बसून होते. नंतर म्हणाले, “एवढें हळू नसतें तर तो मुलगा दोषी आहे असें मीं दुसऱ्याच भागांत ठरविलें असतें.” त्यांस आम्हीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. आमच्या डोळ्यांपुढें दुसरेंच दृश्य होतें.

त्याआधींच्या डिसेंबरांत शाळेचे पंखे दुरुस्त करण्यास एक वायरमन आला होता. शिडीवरून त्यानेंच विचारलें, “सर, मला ओळखलें का ?” आम्हीं ओळखलें. जें सांगावयाचें राहिलें होतें तें तेथेंच, मुलांच्या बाकांमध्यें उभें राहून सांगितलें, आणि क्षमा मागितली. तो खालीं उतरला, पक्कड बाकावर ठेविली व म्हणाला, “कधीं सांपडलें तें ?”

“तूं गेल्यावर तीन आठवड्यांनीं.”

“म्हणजे तेव्हां आई होती,” एवढेंच बोलून तो पुन्हा शिडीवर चढला.