शब्दांची देवघेव : चेक 'क्लिअर' झाला, पण वटला का?

मंडळी, या दिवाळीचा आपला शब्द आहे 'क्लिअर'. तसा तो आपण मराठीत केव्हाच सामावून घेतला आहे. परीक्षा क्लिअर होते, व्हिसा क्लिअर होतो, लोणच्याच्या बरण्यांसकट बॅगा कस्टम्समधून क्लिअर होतात. सगळीकडे भाव एकच : वाटेतला अडसर दूर झाला. बँकेत मात्र हे क्रियापद जपून वापरावं, निदान अमेरिकेत तरी.

'द चेक क्लिअर्ड' याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : चेक वटला. आपण वटवतो आणि तो वटतो, अशी छान जोडी आहे ही. चेक येण्याआधी हुंड्या वटत असत आणि त्या वटवून देताना सराफ जी रक्कम कापून घेई, तिला वटाव म्हणत. वटणं म्हणजे ज्याच्या नावावर कागद लिहिला आहे, त्याने खरोखर पैसे मोजणं.

बँकांचं 'क्लिअरिंग' हे मुळात देवाणघेवाणीचं काम. एकमेकांवरचे चेक बँकांनी एका जागी आणायचे, हिशेब वळता करायचा आणि फक्त फरक द्यायचा. लंडनमध्ये अठराव्या शतकात हे सुरू झालं, न्यूयॉर्कचं क्लिअरिंग हाउस १८५३ सालचं. अमेरिकेत तर चेकचे गठ्ठे विमानाने गावोगाव जात. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानं जमिनीवर राहिली, तसे चेकही अडकले. पुढे २००३ मध्ये कायदा झाला आणि कागदाऐवजी त्याची प्रतिमा पाठवणं सोपं झालं. फोनने चेकचा फोटो काढून भरण्याची आजची सोय त्याच वाटेने आली.

आता खरी गोम. चेक वटेपर्यंत बँका ग्राहकाचे पैसे फार दिवस अडकवून ठेवत, म्हणून १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून मुदती घालून दिल्या. साधारणपणे चेकमधली पहिली ठरावीक रक्कम दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी हाती द्यावी लागते. १ जुलै २०२५ पासून ती २७५ डॉलर आहे. उरलेली रक्कमही बहुधा काही दिवसांत मिळते. खात्यावर दिसतं 'अव्हेलेबल'. म्हणजे पैसे वापरायला मोकळे आहेत, चेक वटला आहे असं नव्हे! खोटा चेक परत यायला कधी कधी काही आठवडेही लागतात आणि तो आला की बँक ती रक्कम आपल्याच खात्यातून वळती करून घेते.

आपली गफलत होते ती सवयीमुळे. भारतात चेकचे पैसे सहसा तो वटल्यावरच वापरता येतात. त्यामुळे 'खात्यात आले म्हणजे वटले' हे गणित डोक्यात पक्कं असतं आणि इथे नव्याने आलेला विद्यार्थी तेच गणित मांडतो.

समजा, त्याने जुना सोफा ४०० डॉलरला विकायला काढला. गिऱ्हाइकाने २,४०० चा कॅशियर्स चेक पाठवला आणि म्हणाला, "चुकून जास्त आले, वरचे २,००० सामान हलवणाऱ्यांना पाठव." दुसऱ्या दिवशी खात्यात पैसे दिसतात. मुलगा सरळ मनाने २,००० पाठवतो. चेक खोटा निघाला की २,४०० वजा होतात आणि पाठवलेले २,००० सहसा परत येत नाहीत. कॅशियर्स चेक बँकेचा असतो, म्हणून तो खात्रीचा वाटतो. पण खोटा तोही छापता येतो.

तेव्हा एक नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा : जो चेक देऊन त्यातलेच काही पैसे पुढे पाठवायला सांगतो, त्याचा चेक घेऊच नये. शंका आली, तर ज्या बँकेचा चेक आहे तिचा नंबर स्वतः शोधून फोन करावा, चेकवर छापलेला नंबर फिरवू नये. आणि आपल्या बँकेत 'इज इट अव्हेलेबल?' एवढं विचारून थांबू नका. 'हॅज द अदर बँक पेड इट?' असं विचारा.

घरी मुलांना फोनवर विचारताना मात्र आपला जुना शब्दच वापरा. "पैसे आले का?" नको, "चेक वटला का?" असं विचारा. उत्तर देण्याआधी पोरं दोन क्षण थांबतील आणि तेवढं थांबणंच पुष्कळदा उपयोगी पडतं.

दिवाळीच्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा. लक्ष्मी घरी येवो आणि वटूनच येवो!