आधी सातबारा, मग शिबिर

हवामान बदलाला तोंड देणारी शेती तरुणांनी उभी करावी, असं सगळे सांगतात. आम्ही विचारतो : कुणाच्या जमिनीवर? शेततळं असो की ठिबक, अनुदानाला सातबारा लागतो. मराठवाड्यात गायरान कसणाऱ्या आमच्या पोरांकडे तोच नाही. उद्या हुसकावतील त्या रानात बांध कोण घालेल, झाडं कोण लावेल?

दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह याच प्रश्नावर झाले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरान अतिक्रमणं नियमित करण्याचा १९९१ चा शासन निर्णय आहे. तरी दावे पडून आहेत.

मित्रांनो, दंडाच्या पावत्या, पीकपेऱ्याच्या नोंदी गोळा करा, तहसीलवर चला. दुष्काळात तगायचं कसं, हे आपल्या आयांना ठाऊक आहे. कमी आहे ती जमीन.

जय भीम!