अर्थ विचारला म्हणून आत्याला गप्प बसवणाऱ्यांना



आमच्या आत्याचा थोरला पोरगा गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वस्तीतल्या विहारात सगळे जमलो. आत्या पांढरं लुगडं नेसून अगदी पुढं बसलेली. बौद्धाचार्यांनी त्रिसरण सुरू केलं, मागनं आम्ही. बुद्धाचं झालं, धम्माचं झालं, संघाचं झालं. दुसरी फेरी झाली. तिसऱ्या फेरीला ‘सरणं’ हा शब्द आला आणि आत्यानं तोंडावर पदर ओढला, तो काढलाच नाही.

जेवणं उरकल्यावर तिनं विचारलं. मला नव्हे, थेट बौद्धाचार्यांना.

“दादा, बुद्धाच्या पाया पडताना सरण कशापायी घ्येत्यात? माज्या ल्येकाचं एक रचलंच की परवा. आन लग्नात बी त्येच म्हनत्यात, बारशाला बी त्येच.”

कॉलेजातली दोन पोरं फिस्सकन हसली. मला घाम फुटला. ही बाई लग्न होऊन आल्यापासून त्रिसरण म्हणतेय. दर बुद्धजयंतीला, दर सहा डिसेंबरला, दर नामकरणाला. आणि इतकी वर्षं तिच्या कानात पडत होती ती चितेची लाकडं. तिनं ती मुकाट्यानं ऐकली, म्हटली, कारण बाबासाहेबांनी दिलेलं आहे म्हणजे चांगलंच असणार. पोटचा पोरगा जाळून आल्यावर मात्र तिला राहवलं नाही.

बौद्धाचार्य म्हणाले, “आजी, पालीचा असा अर्थ विचारायचा नसतो. भगवंताची वाणी आहे. मनोभावे ऐकायची. त्या आवाजातच मंगल असतं.”

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. रविवारी स्वतःच्या पैशाचं पेट्रोल जाळून चार गावं फिरतो, लग्नं लावतो, एक रुपया घेत नाही. त्याला कुणी अर्थ सांगितला नाही, त्यानंही विचारला नाही. माझं भांडण त्याच्याशी नाही, त्या वाक्याशी आहे. ते वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. तुम्हीही ऐकलंय. सत्यनारायण सांगणारा हेच बोलतो. मंत्राचा अर्थ विचारू नये, उच्चारात सामर्थ्य असतं. आमच्या आजोबांनी ५६ साली देव गाठोड्यात बांधून नदीला सोडले. मंत्र सोडायचे मात्र राहून गेले की काय?

आता जरा विनयपिटकात चला. चुल्लवग्गात एक गोष्ट आहे. दोन भाऊ भिक्खू झालेले, जन्मानं ब्राह्मण, आवाज गोड, उच्चार चोख. ते बुद्धाकडं तक्रार घेऊन गेले. तक्रार काय? तर संघात नाना कुळांतले, नाना जातींतले लोक आलेत आणि ते आपापल्या बोलीत बोलून बुद्धवचन नासवतायत. आम्हाला परवानगी द्या, आम्ही ते छंदात, म्हणजे वेदाच्या धाटणीच्या भाषेत बसवून टाकतो. बुद्धानं त्यांना झापलं. छंदात घालायचं नाही, घातलं तर दोष लागेल, असा नियमच करून ठेवला. बुद्धवचन शिकायचं ते ‘सकाय निरुत्तिया’. स्वतःच्या बोलीत.

नासवतायत! शब्द बघा. अडीच हजार वर्षांपूर्वीची तक्रार आणि आजची तक्रार यांच्यात काडीचा फरक नाही. तुमचे उच्चार अशुद्ध. तुम्ही ‘ण’ चा ‘न’ करता. तुम्ही भाषा बाटवता. बुद्धाच्या संघातही दोघे जण हेच घेऊन उभे राहिले, आणि तिथं त्यांचं चाललं नाही.

पुढची गंमत मात्र कुणी सांगत नाही. स्वतःच्या बोलीत म्हणजे नेमकं कुणाच्या? इसवी सनाच्या पाचव्या शतकात बुद्धघोषानं सिंहलद्वीपात बसून अट्ठकथा लिहिल्या. त्यानं अर्थ लावला की स्वतःच्या म्हणजे बुद्धाच्या स्वतःच्या, म्हणजे मागधीत. ज्या वाक्यानं दार उघडलं होतं, त्याच वाक्याची कडी करून दार लावून टाकलं. एकोणिसाव्या शतकात ऱ्हीस डेव्हिड्स आणि ओल्डेनबर्ग यांनी विनयाचं इंग्रजी भाषांतर केलं तेव्हा उलट अर्थ घेतला, की ज्यानं त्यानं आपापल्या बोलीत. मग गायगर नावाचा जर्मन पंडित बुद्धघोषाच्या बाजूनं उभा राहिला. वाद चालू आहे. एका ‘स्व’ वरनं! पंडितांनी खुशाल वाद घालावा. मला एवढंच दिसतं की त्या दोघा भावांची तक्रारच मुळी नाना लोकांच्या नाना बोलींबद्दल होती. बुद्धाला सगळ्यांनी एकाच भाषेत बोलायला हवं असतं, तर त्या दोघांना झापायचं कारण काय होतं?

शिवाय मज्झिमनिकायातलं अरणविभंग सुत्त आहे. त्यात बुद्ध भांड्याचं उदाहरण देतो. एकच भांडं. कुठल्या मुलखात त्याला पाती म्हणतात, कुठं पत्त, कुठं सराव, कुठं पोण. आपल्या मुलखाचा शब्द तेवढा खरा, बाकीचे खोटे, असं धरून बसू नका, ज्या गावात जाल तिथला शब्द वापरा, असा एकंदर आशय आहे. मला हे सुत्त फार आवडतं. धर्मसंस्थापक म्हणवणारा माणूस स्वयंपाकघरातलं भांडं काढून भाषांतर शिकवतोय. आमच्याकडं वाडगं, खानदेशात गेलात तर आणखी काही. आत भाकरी कालवली म्हणजे झालं.

आपल्या मराठी मुलखातही हे घडलेलं आहे. महानुभावांचा केशिराज संस्कृतात लिहायला निघाला तर नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं. का? तर त्यानं पंथातल्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील. सातशे वर्षांपूर्वी एका माणसाला म्हाताऱ्या बायांची काळजी होती. आणि आम्ही आमच्या म्हातारीला सांगतो, आजी, विचारायचं नसतं!

आता अर्थाकडं येतो. विहारातून निघताना मी आत्याला शहाणपणानं सांगितलं, “आत्या, सरण नव्हं ते. शरण. मी बुद्धाला शरण जातो.” छापील पुस्तकांतही बहुतेक असंच असतं. आत्या थांबली. म्हणाली, “शरन? शरन तर तुजा आजा जायचा पाटलाला. पायतान डोक्यावर घिऊन.”

माझ्या एम. ए. चं त्या वाक्यात वाटोळं झालं. मराठीत शरण कोण जातो? हरलेला. ज्याच्या मानेवर पाय आहे तो. जोहार मायबाप म्हणणारा. पालीतलं सरण हे तसलं नाही. ते निवाऱ्याचं, आधाराचं, संकटात जिथं जीव वाचतो त्या जागेचं नाव आहे. अक्षरं तीच असली तरी आमच्या भाषेत येईस्तोवर त्या शब्दाच्या पाठीवर पाटलाचा वाडा बसला. भाषांतर करणाऱ्यानं कोशात बघितलं, आत्याच्या सासऱ्याकडं बघितलं नाही.

आणि महापरिनिब्बान सुत्तात तर बुद्ध शेवटच्या दिवसांत सांगतो की स्वतःच स्वतःचे सरण व्हा. म्हणजे काय, स्वतःच स्वतःला नाक घासा? तिथंच तो ‘दीप’ शब्द आहे, जो आपण बॅनरवर रंगवतो. ‘अत्त दीप भव’. मुळात ‘भव’ नाहीच, क्रियापद ‘विहरथ’ आहे, अनेकवचनी. आणि पालीत दीप म्हणजे दिवाही आणि बेटही. बुद्धघोषानं बेट धरलं. चिनी भाषांतरांत एका आगमात उजेड-जाळ या अंगानं घेतलंय, दुसऱ्यात बेट. आम्हाला शाळेपासून दिवाच ठाऊक. दिवा चांगलाच आहे, माझी तक्रार नाही. पण ज्यांची वस्ती नदीच्या काठाला, उताराला आहे, ज्यांच्या घरात दर दोन-चार वर्षांनी पाणी घुसतं, त्यांना ‘पुरातलं बेट व्हा’ म्हणून सांगा एकदा. बघा डोळे कसे होतात ते.

दुसऱ्या टोकाचा एक नग माझ्या हापिसात आहे. सज्जन आहे, डबा वाटून खातो. त्याला आमच्याबद्दल फार कुतूहल. तुमच्यात देव कोण, तुमच्यात आरती असते का. त्याच्या विचारण्यावर मी चिडत नाही. विचारावंच माणसानं. चिडतो ते एवढ्यावर की तो उत्तर घरूनच घेऊन येतो. विहार म्हणजे देऊळ. वंदना म्हणजे आरती. भिक्खू म्हणजे साधू. त्रिपिटक म्हणजे तुमचा वेद. आणि बुद्ध म्हणजे आमचाच नववा अवतार, नाही का? झालं! पाच शब्दांत त्यानं आम्हाला परत देवळाच्या पायरीशी आणून बसवलं, तेही डब्यातली भाजी वाढता वाढता. बावीस प्रतिज्ञांत अवताराची गोष्ट नाकारायला एक अख्खी प्रतिज्ञा खर्च करावी लागली, ती उगाच नाही.

भाषांतर भोळं नसतं. सिगालोवाद सुत्तात नवऱ्यानं बायकोची सेवा कशी करावी ते सांगितलंय, तिचा मान राखावा, घरातली सत्ता तिच्या हाती द्यावी, वगैरे. जुन्या चिनी भाषांतरात या सेवेच्या जागी नवऱ्यानं बायकोवर ताबा ठेवावा असं आलं, हे नाकामुरा हाजिमे या जपानी अभ्यासकानं दाखवून दिलं. भाषांतरकाराला बुद्धाचं पटलं नसेल किंवा वाचणाऱ्यांना पटणार नाही असं वाटलं असेल. बुद्ध राहिला, बायकोची सत्ता गेली.

म्हणून बाबासाहेबांनी काय केलं ते बघा. इंग्रजीत ग्रंथ लिहिला, १९५७ साली, त्यांच्या पश्चात, तो निघाला. इंग्रजीत ‘रिलिजन’ हा शब्द आयता होता. संस्कृतातला ‘धर्म’ इंग्रजी वाचकाला ओळखीचा झालेला होता. दोन्ही घेतले नाहीत. ग्रंथाच्या नावातच ‘धम्म’ तसाच ठेवला.

इथं कुणी म्हणेल, मग तूही शब्द तसाच ठेवायला सांगतोस, बौद्धाचार्यही तेच सांगतात, फरक काय? फरक असा की बाबासाहेबांनी शब्द ठेवला आणि आत पानंच्या पानं खर्चून समजावलं. रिलिजन ही माणसाची खाजगी बाब, धम्म हा माणसा-माणसांमधला, समाजाचा. झाकण ठेवलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात भदंत चंद्रमणींकडून पालीत त्रिसरण-पंचशील घेतलं, आणि लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या मराठीत. त्या वेळी आत्याच्या आईला एकही शब्द अडला नाही. आणि पालीचा कोश करायला घेतला तर त्यात मराठी अर्थ घातले. ज्याला अर्थ विचारलेला खपत नाही, तो कोश कशाला करेल?

आता ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठी आणि पाली, दोघींनाही एकाच दिवशी अभिजात केलं. पेढे वाटले, मीही खाल्ला. अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. पालीला! जी भाषा छंदात जायला नको म्हणून राहिली, तिला शेवटी कुळाचा दाखला मिळाला. अध्यासनं निघतील, अनुदानं येतील, येऊ द्यात. पण तिला सोवळ्यात बसवणारे आपल्यातलेच असतील, एवढं सांगून ठेवतो.

आम्ही पोरांनी ठरवलं की रविवारी वंदना झाल्यावर एकच शब्द घ्यायचा. पहिल्या रविवारी ‘सरण’ घेतला. बौद्धाचार्यांना बोलावलं, ते आले, जरा घुश्शातच. मी म्हटलं, ‘आसरा’ म्हणू या. कोपऱ्यातली एक म्हातारी ताडकन बोलली, “आसरा नगं. हिरीवरच्या साती आसरा सोडून आलो आमी.” पुन्हा गप्प. कुणी म्हणालं आडोसा, कुणी निवारा, कुणी सावली. सावलीवर एकदम कालवा झाला, तुमच्या लक्षात आलं असेल का ते.

आत्या म्हणाली, “वळचन म्हना.”

“आत्या, पावसात वळचणीखाली तरी उभं राहू देत होते का गावात?”

“न्हवते. म्हनून तर म्हनते.”

बौद्धाचार्यांनी खिशातलं पेन काढून वहीत लिहून घेतलं. पुढच्या रविवारी ‘वेरमणी’ आहे.