परमुलखांतील बिऱ्हाड

मुलगा शिक्षणासाठीं सटाण्याहून नाशिकास निघाला तरी घर व्याकुळ होतें. मग समुद्रापलीकडील शहराची गोष्टच नको! आई डबाभर लाडू देते, वडील पैसे देतात. परंतु लाडू संपल्यावर काय करावें, हें कोणीच शिकवीत नाहीं. आम्हांस हें मोठें वैगुण्य वाटतें.

आनंदीबाई जोशी १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, पतीस मागें ठेवून अमेरिकेस गेल्या व १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, हें विद्यार्थ्यांस पाठ असतें. मधल्या तीन वर्षांतील त्यांच्या बिऱ्हाडाकडे मात्र कोणी पाहत नाहीं. प्रथम रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंच्या कुटुंबांत त्यांस माया मिळाली. पुढें फिलाडेल्फियास, स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकतांना, दिवसभर अभ्यास करून स्वयंपाकही त्यांनाच करावा लागे. तेथील थंडींत नऊवारी लुगडें पुरेना, तेव्हां त्या गुजराथी पद्धतीनें साडी नेसूं लागल्या. शाकाहार मात्र त्यांनीं सोडला नाहीं. काय बदलावें व काय राखावें हें दुसऱ्यानें सांगावयाचें नसतें. तें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. परक्या शहरांत बिऱ्हाड खरें थाटलें जातें तें येथें!

तरी त्याचें मोल मोठें पडलें. प्रकृति ढासळली आणि फेब्रुवारी १८८७ मध्यें, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, पुण्यास त्यांचें देहावसान झालें.

मुलींस चूल घरींच कळते; मुलगे कोरे राहतात. पालकहो, या सुटींत मुलग्यांस भात शिजविणें, गुंडी लावणें आणि ताप आल्यास निःसंकोच शेजाऱ्याचें दार ठोठावणें शिकवा. घरांतील वडील मंडळी हंसतील, हंसोत बापडी.