बाळाला उचलतांना

गेल्या श्रावणांत आम्ही लोणावळ्यास एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. बाहेर पावसाची झड लागलेली. आंत माजघरांत घरच्या आजी नातवाच्या पाळण्याशीं हात आवरून बसल्या होत्या. उभ्या जन्मांत घरादाराचीं किती मुलें त्यांनीं पायांवर घेऊन न्हाऊंमाखूं घातलीं असतील; पण या बाळाला तेल लावण्याची त्यांची छाती होईना.

दुसऱ्याच महिन्यांत, कोठें न पडतां, बाळाची मांडी मोडली होती. प्रथम साऱ्यांच्या नजरा सुनेकडे वळल्या. “हातून निसटलें असेल, सांगत नाहीं झालें,” असें बोललेंही गेलें. पुढें डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरील निळी झांक व क्ष-किरणांचें चित्र पाहून डॉक्टरांनीं विकार ओळखला. त्याचें नांव ऑस्टिओजेनेसिस इम्पर्फेक्टा. सुमारें १५ ते २० हजार जन्मांत असें एक बाळ आढळतें. हाडाला चिवटपणा देणारें कोलॅजन नांवाचें द्रव्य ज्या जनुकांच्या आधारें तयार होतें, त्यांतच बहुधा दोष असतो. आणि पुष्कळदां तो आईबापांत मुळींच नसून बाळांतच प्रथम उद्भवतो. सुनेच्या हाताचा येथें कांहीं अपराध नाहीं, माहेरच्या रक्ताचाही नाहीं. हें आम्ही मुद्दाम लिहितों. कारण मोडलेली मांडी कांहीं आठवड्यांत सांधली, बोललेले शब्द मात्र त्या घरांत अजून सलत होते.

अशा बाळाला काखेंत हात घालून उचलूं नये. लंगोट बदलतांना घोटे धरून पाय वर ओढूं नयेत. बोटें पसरून एक हात डोक्याखांद्यांखालीं व दुसरा कमरेखालीं द्यावा. तेल लावणाऱ्या बाईची हातपाय ओढण्याची रीत तर कटाक्षानें टाळावी. मात्र भीतीपोटीं मूल सदा निजवून ठेवणेंही बरें नव्हे. हालचालीवांचून हाडें अधिकच दुबळीं होतात.

हाडांची घनता वाढविणारें औषध शिरेवाटे देतात. त्यानें विकार समूळ जात नाहीं. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या दुर्मिळ रोगांविषयींच्या धोरणांत याचा समावेश आहे, व मुंबईचें के. ई. एम. रुग्णालय त्या धोरणाखालील एक केंद्र आहे. शाळेची चिंता आजोबांना आतांपासूनच. मावळांतला पाऊस, शेवाळलेल्या पायऱ्या! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें ठराविक प्रमाणांत अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, एवढें आम्ही त्यांस सांगितलें.

निघावयाच्या दिवशीं सकाळीं आजी सुनेला म्हणाल्या, “अगं, कसें धरायचें तें मलाही एकदां दाखव.” सुनेनें त्यांच्या मांडीवर उशी ठेवली, त्यांचीं बोटें एकेक करून पसरलीं, आणि बाळ त्यांवर अलगद ठेवलें.