फाइल आली, मराठी राहिले

नवा संगणक घेतला की दुकानातला मुलगा तासाभरात जुन्या फायली उतरवून देतो आणि म्हणतो, "सगळे आले!" मराठी लिहिणाऱ्याचे सगळे येत नाही. फाइल उघडावी तर रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा चिवडा! श्रीलिपी, आकृतीसारख्या जुन्या फाँटांत 'क' हा संगणकाच्या लेखी 'क' नव्हताच. दुसऱ्याच अक्षराच्या क्रमांकावर बसवलेले ते चित्र होते. फाँट गेला की चित्र गेले. युनिकोडने १९९१ मध्येच देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले. पण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हते, म्हणून डीटीपीवाले वर्षानुवर्षे जुन्यालाच धरून राहिले. त्यांना एकट्यांना दोष कसा देणार?

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा-अद्यतने थांबली आणि जुनी यंत्रे बदलण्याची घाई सुरू झाली. गोव्यात जत्रेच्या नाटकांच्या संहिता, दिवाळी अंकांचे लेख अशाच यंत्रांत पडून असतील. माझे म्हणणे एवढेच, की जुने यंत्र सुरू आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि त्याच पडद्याशी ताडून पाहा. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार रूपांतरात भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. वेळ नसेल तर निदान पीडीएफ करून ठेवा. भंगारवाल्याला त्यानंतर बोलवा.