मोकळ्या हवेंतील एक तास

कोरोनाच्या सांथीच्या दिवसांत आपल्या मध्यमवर्गीय घरांत दोन वस्तूंनीं प्रवेश केला. एक मुखपट्टी व दुसरी सायकल. पहिली आतां कपाटाच्या खणांत गेली आहे व दुसरी पुष्कळ घरीं जिन्याखालीं धूळ खात उभी आहे. पहिलीबद्दल कोणास वाईट वाटण्याचें कारण नाहीं. दुसरीबद्दल मात्र दोन शब्द लिहावे असें मनांत आलें, आणि ते केवळ सायकलीच्या कौतुकासाठीं नव्हेत. सांथीच्या बंधनांत व्यायामासाठीं घराबाहेर कोणीं पडावें, किती वेळ व केव्हां, हा प्रश्न त्या काळीं जगांतील अनेक सरकारांना सोडवावा लागला. तोच प्रश्न आपल्या एकत्र कुटुंबांतूनही उभा राहिला होता. परंतु तेथें तो कोणीं विचारपूर्वक सोडविला नाहीं, नकळत निकालांत निघाला. तो कसा निघाला हें शांतपणें पाहण्यासारखें आहे.

प्रथम सरकारांचें पाहूं. जागतिक आरोग्य संघटनेनें ११ मार्च २०२० रोजीं ही सांथ जगद्व्यापी झाल्याचें जाहीर केलें, आणि पुढील पंधरवड्यांत अनेक देशांनीं आपल्या नागरिकांस घरीं बसविलें. घरीं बसलेल्या माणसालाही शरीर आहे व त्याला हालचाल लागते, ही गोष्ट मात्र प्रत्येक देशानें निराळ्या रीतीनें हिशेबांत घेतली. इंग्लंडमध्यें २३ मार्चच्या घोषणेप्रमाणें चालणें, धावणें किंवा सायकल चालविणें यांपैकीं एका व्यायामासाठीं दिवसांतून एकदां बाहेर पडण्यास मोकळीक होती; अट एवढीच कीं, एकट्यानें जावें किंवा आपल्याच घरांतील माणसांबरोबर जावें. १३ मेपासून "एकदां" ही मर्यादाही गेली.

फ्रान्समध्यें घराबाहेर पडतांना कारण लिहिलेला कागद बाळगावा लागे. २४ मार्चपासून व्यायामासाठीं दिवसाला एक तास व घरापासून एक किलोमीटर अशी मर्यादा ठरली. धावणाऱ्यास तेवढ्या आवारांत धावतां येई. पण व्यायाम म्हणून सायकल फिरविणाऱ्यास मज्जाव झाला, आणि सायकलीनें आवश्यक कामास जाणाऱ्यांसही कांहीं ठिकाणीं पोलिसांनीं दंड केले. अखेर सायकल वापरणाऱ्यांच्या संघटनेनें तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाकडे दाद मागितली. ३० एप्रिल रोजीं न्यायपीठानें निर्णय दिला कीं, ज्या कारणासाठीं बाहेर पडण्याची परवानगी आहे त्या कारणासाठीं सायकल वापरण्यास बंदी नाहीं, व सरकारनें हें चोवीस तासांच्या आंत लोकांस स्पष्ट कळवावें.

स्पेननें सर्वांत कडक मार्ग धरला. १४ मार्चपासून तेथें व्यायामासाठीं बाहेर पडणेंच बंद होतें. कुत्र्यास फिरवून आणण्यास परवानगी होती, पण मुलांस फिरविण्यास नव्हती. २६ एप्रिलला मुलांना व २ मेला मोठ्यांना बाहेर पडूं दिलें, तेव्हां सरकारनें दिवसाचे तास वयोमानाप्रमाणें वांटून दिले. सकाळीं ६ ते १० व रात्रीं ८ ते ११ हा वेळ प्रौढांच्या व्यायामाचा. १० ते १२ व सायंकाळीं ७ ते ८ हा सत्तरीपुढील वृद्धांचा. दुपारीं १२ ते ७ हा मुलांचा. पांच हजारांपर्यंत वस्तीच्या लहान गांवांना ही वांटणी लागू नव्हती. वाचकांनीं ही वांटणी ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आपल्याकडे २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली व तींत फेरफटक्यास किंवा व्यायामास मोकळीक नव्हती. महाराष्ट्रानें त्यापूर्वींच १८९७ चा सांथरोगांचा कायदा लागू केला होता. हा कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळचा. प्लेगांत आपले पणजे-खापरपणजे घरें सोडून गांवाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहिले, आणि त्याच कायद्याखालीं त्यांचे वंशज दार लावून घरांत बसले! यांत वाटते तेवढी विसंगति नाहीं. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो व उंदीर घरांत असतात, म्हणून घर सोडावयाचें. कोरोना माणसाच्या श्वासाबरोबर पसरतो, म्हणून माणसांची दाटी सोडावयाची. मोकळी हवा दोन्ही वेळां शत्रु नव्हती.

सरकारनेंही हें पुढें मान्य केलें. ३१ मे २०२० च्या आदेशानें महाराष्ट्रांत ३ जूनपासून पहाटे ५ ते सायंकाळीं ७ या वेळांत सायकल चालविणें, चालणें व धावणें यांस परवानगी मिळाली. घराच्या आसपासच राहावें, समूहानें कांहीं करूं नये, मुलांबरोबर मोठें माणूस असावें, अशा अटी होत्या. शिवाय व्यायाम म्हणून लोकांनीं सायकल वापरावी, कारण तीवर परस्परांतील अंतर आपोआप राखलें जातें, असें त्या आदेशांत आवर्जून म्हटलें होतें. सरकारी कागदांत एखाद्या व्यायामाची शिफारस आढळावी हा योग विरळाच. जुलै २०२० मध्यें पुण्यांत व एप्रिल २०२१ मध्यें राज्यभर निर्बंध पुन्हां कडक झाले. तरी सायकलीबद्दलची ती शिफारस चुकीची ठरली असें कोणीं म्हटलें नाहीं.

ती बरोबर कां होती, हेंही समजून घेणें बरें. बंद खोलींत श्वासांतून निघालेले सूक्ष्म कण बराच वेळ तरंगत राहतात. मोकळ्यावर ते वाऱ्यानें विरून जातात. एप्रिल २०२० मध्यें बेल्जियम व नेदर्लंड्स येथील संशोधकांनीं केलेलें एक गणित पुष्कळ गाजलें. वेगानें जाणाऱ्या सायकलस्वाराच्या मागें वीस मीटर अंतर ठेवावें, असा त्याचा निष्कर्ष. परंतु तें गणित थुंकीच्या थेंबांच्या वाटचालीचें होतें. तेवढ्यानें रोग जडतो किंवा नाहीं हें त्यांत तपासलें नव्हतें. ऐन रस्त्यावर एकटा जाणारा सायकलस्वार आणि नाक्यावर सायकली उभ्या करून चहाभोंवतीं जमलेलें सहा जणांचें टोळकें, यांत धोका कोठें अधिक, हें सांगण्यास गणित नको. बंधन गर्दीवर होतें, सायकलीवर नव्हे. ज्यांना हा भेद कळला त्यांनीं नियमही पाळला व प्रकृतीही राखली.

हा झाला बाहेरचा कायदा. आतां घरांत येऊं. त्या महिन्यांत धुणें-भांड्यांस येणाऱ्या बायका येत नव्हत्या. घरांतील सर्व माणसें तिन्ही त्रिकाळ घरींच. एका खोलींत मुलांची शाळा, दुसरींत मोठ्यांची कचेरी, आणि चहाच्या फेऱ्या दोहोंकडे. अशा घरांतून पहाटे साडेपांचला सायकल घेऊन कोण बाहेर पडत असे? कॉलेजांतला मुलगा, धाकटे भाऊजी, क्वचित् खुद्द यजमान. त्यांचें जाणें योग्यच होतें. परंतु त्याच वेळीं घरांतली सून दूध तापवीत होती, जाऊबाई केर काढीत होत्या, आणि सासूबाई देवपूजेची तयारी करून कोणास काय न्याहारी हवी तें विचारीत होत्या. सुनेला कोणीं "जाऊं नकोस" म्हटलें नाहीं. "जा, चहाचें आम्ही बघतों" असेंही म्हटलें नाहीं. सरकारनें तो आदेश काढतांना स्त्रीपुरुष असा भेद केला नव्हता. तो घरानें केला, आणि तोही न बोलतां.

ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें सांथीच्या आदल्याच वर्षीं, २०१९ सालीं, देशांतील लोक आपला वेळ कसा घालवितात याची पाहणी केली होती. जीं माणसें बिनमोबदल्याचें घरकाम करतात तेवढ्यांचाच हिशेब धरला, तरी स्त्रियांचीं दिवसाला २९९ मिनिटें त्यांत जात व पुरुषांचीं ९७. पांच तासांस एक मिनिट कमी, ही सांथीच्या पूर्वींची स्थिति. पुढें कामवाली बंद झाली व जेवणारीं तोंडें दिवसभर घरीं राहिलीं, तेव्हां काय झालें असेल याचा अंदाज ज्यानें त्यानें आपल्या घरावरून बांधावा.

यावर वडीलधाऱ्या मंडळींचें एक उत्तर ठरलेलें असतें: घरकाम हाच बायकांचा व्यायाम. त्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. अंग हलतें तें कोठेंही हललें तरी उपयोगींच. पण ओट्यापाशीं तासभर उभें राहून पोळ्या लाटल्यानें कंबर दुखते. छाती भरून श्वास घ्यावा लागत नाहीं आणि हृदयाचा वेग वाढत नाहीं. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सायकलीवरच्या तासांत हांक मारणारें कोणी नसतें. घरांत कोंडून पडलेल्या त्या दिवसांत हा एकांत पुरुषांस जेवढा हवा होता तेवढाच स्त्रियांसही हवा होता.

"बायकांना तें झेपेल का?" ही दुसरी शंका. तामिळनाडूंतील पुदुकोट्टई जिल्ह्यांत १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत साक्षरतेच्या चळवळीबरोबर सायकल शिकण्याचीही चळवळ झाली, आणि हजारों ग्रामीण स्त्रिया सायकलीवर बसल्या. मे २०२० मध्यें तर एका पंधरा वर्षांच्या मुलीनें जखमी पित्यास मागें बसवून गुरुग्रामहून बिहारमधील दरभंग्याकडे, सुमारें १२०० किलोमीटरांच्या मार्गावर, सायकल हाकली. ती व्यायामास निघाली नव्हती; मिळकत थांबली होती व गांवीं परतण्यास दुसरें साधन नव्हतें. तिची कथा ऐकून समाजानें कौतुकापेक्षां अधिक खंत वाटून घ्यावयास हवी. पण मुलीच्या पायांतील बळाबद्दल तिच्यानंतर तरी कोणीं शंका घेऊं नये.

आणखी एका पक्षाची बाजू राहिली, ती वृद्धांची. एकत्र कुटुंबांत बाहेर एक जातो व धोका सर्वांच्या वांट्यास येतो. त्यामुळें आजी-आजोबांना जपणें अगत्याचें होतें, आणि ६५ वर्षांवरील माणसांनीं घरींच राहावें असें सरकारही सांगत होतें. मात्र परवानग्या मिळाल्यावरही पुष्कळ घरांतून तीं खुर्चींतच राहिलीं. उतारवयांत हालचाल थांबली कीं स्नायूंचें बळ झपाट्यानें उतरतें, तोल जातो, आणि पडण्याचें भय वाढतें. काळजी खरी होती. पण तिची मुदत कोणीं ठरविली नव्हती.

आतां स्पेनची वांटणी आठवावी. एवढ्या मोठ्या देशाला जर तास वांटून देतां आले, तर दहा माणसांच्या घराला कां येऊं नयेत? जागतिक आरोग्य संघटनेनें नोव्हेंबर २०२० मध्यें सांगितलेलें माप सोपें आहे. प्रौढ माणसानें आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे पांच दिवस अर्धा-अर्धा तास झाला तरी खालची मर्यादा गांठली. मुलांना रोज सरासरी साठ मिनिटें हवींत. वृद्धांनीं याखेरीज आठवड्यांतून तीन दिवस तोल सांवरण्याचे व्यायाम करावेत. एक सायकल असली तरी तिघांस पुरते, कारण तिची बैठक वर-खालीं करतां येते. पायटा अगदीं खालीं असतांना त्यावर टांच ठेवून पाय सरळ व्हावा, एवढी बैठकीची उंची ठीक. साडी किंवा ओढणी असेल तर बिनदांडीची सायकल घ्यावी व सांखळीवर झांकण बसवावें. चालवितांना बोलतां यावें पण गातां येऊं नये, इतका वेग मध्यम समजावा. ज्यांस तोल राखणें कठीण त्यांनीं घरांतील स्थिर सायकल वापरावी. कोरोना होऊन गेलेल्यांनीं व्यायाम हळूहळू वाढवावा, आणि छातींत दुखूं लागलें किंवा धडधड वाढली तर थांबून डॉक्टरांस विचारावें.

हें सर्व आतां सांगून काय उपयोग, सांथ तर संपली, असें कोणी म्हणेल. जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजीं उठली हें खरें. परंतु घरांतली वांटणी जशीच्या तशी आहे. टाळेबंदीनें ती निर्माण केली नव्हती, केवळ उघड केली होती. पुढें कधीं असा प्रसंग आला तर सरकार बाहेरचे नियम पुन्हां लिहील. आंतले नियम मात्र आपणांसच, आणि आजच्या निवांत दिवसांत, लिहिले पाहिजेत. रात्रीच्या पंगतीला एक कागद घ्यावा, घरांतील प्रत्येकाचें नांव लिहावें आणि त्यापुढें त्याचा किंवा तिचा मोकळ्या हवेंतील वेळ लिहावा. त्याच ओळींत, त्या वेळांत चहा कोण करील व दूध कोण तापवील, तेंही लिहावें. हें दुसरें नांव लिहिल्याशिवाय पहिलें कागदावरच राहतें.